पाचवे शील पुन्हा घेता येते

सुमारे पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. पालकभेटीचा रविवार होता आणि फाटकावर माझी पाळी होती. सातवीतील एका मुलाचे वडील दुपारी आले. हातात भुईमुगाच्या शेंगांची पिशवी होती आणि तोंडाला दारूचा वास येत होता. बोलणे अडखळत होते; परंतु त्यांनी कोणाला शिवी दिली नाही की गोंधळ घातला नाही. मुलाला पाहून जातो, एवढेच ते म्हणत होते. मी त्यांना आत सोडले नाही. "आधी शुद्धीवर या, मग मुलाचे नाव काढा," असे चार लोकांसमोर सुनावले. शेंगांची पिशवी फाटकाच्या खांबाशी ठेवून ते निघून गेले. त्यांचा मुलगा हे सारे वसतिगृहाच्या गॅलरीतून पाहत होता.

त्या सायंकाळी वंदनेच्या वेळी त्या मुलाने चार शीले म्हटली आणि पाचव्याला ओठ मिटून घेतले. वंदना संपल्यावर मी त्याला जवळ बोलावले. त्याने विचारले, "सर, बाबापण विहारात पंचशील म्हणतात. मग ते खोटं बोलतात का? त्यांचं चौथं शीलसुद्धा मोडतं का?"

मला उत्तर देता आले नाही. "तू अभ्यासाकडे लक्ष दे," असे काहीतरी म्हणून मी वेळ मारून नेली. पुढे शाळा सोडून जाईपर्यंत त्या मुलाला भेटायला त्याचे काका येत; वडील फाटकाशी पुन्हा कधी आले नाहीत. प्रस्तुत लेख म्हणजे त्या प्रश्नाला उशिरा दिलेले उत्तर आहे. स्मरणिकेच्या निमित्ताने माजी विद्यार्थी, पालक आणि धम्मबांधव असे सर्वजण एकाच वेळी वाचतील, म्हणून ते येथे मांडतो आहे.

आपल्या समाजात पंचशील लहान मुलालाही मुखोद्गत असते. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूर येथे परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लक्षावधी अनुयायांना त्रिशरण व पंचशील दिले. त्यासोबत ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांतही दारू न पिण्याची स्वतंत्र प्रतिज्ञा आहे. म्हणजे मद्यत्यागाचा शब्द आपण एकाच सोहळ्यात दोनदा दिलेला आहे. तरीही पगाराच्या दिवशी आपल्या वस्त्यांमध्ये काय दिसते आणि जयंतीची मिरवणूक संपल्यावर मैदानाच्या कडेला काय पडलेले असते, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. अनेक घरांत शिष्यवृत्तीचे पैसे, बचतगटाचा हप्ता आणि मुलीच्या शिक्षणासाठी साठवलेली पुंजी याच वाटेने गेली आहे.

या वास्तवाला आपण दोन रीतींनी सामोरे जातो. जो अजून कमावता आहे, पदावर आहे, वर्गणी देतो, त्याच्या पिण्याकडे आपण डोळेझाक करतो. जो कोसळला आहे, त्याचा मात्र धिक्कार करतो. विहाराच्या पायरीवर त्याला पाहून कुजबुज होते आणि हळूहळू तो येईनासा होतो. ज्या जागेची त्याला सर्वाधिक गरज असते, नेमकी तीच जागा त्याला बंद होते. पाचवे शील हे व्यसनातून बाहेर येऊ पाहणाऱ्याच्या हाती देण्याचे साधन आहे. आपण ते त्याच्यावर उगारण्याची काठी करून टाकले आहे, हे माझे म्हणणे आहे. त्याला आधार म्हणून मी आपल्याच परंपरेतील काही गोष्टी पुढे ठेवतो.

प्रथम शब्द पाहू. शील ग्रहण करताना आपण 'सिक्खापद' आणि 'समादियामि' हे दोन शब्द उच्चारतो. सिक्खापद म्हणजे शिक्षणाचे पद, शिकण्याची एक पायरी. समादियामि म्हणजे मी आपणहून अंगीकारतो. येथे आज्ञा देणारा ईश्वर नाही, म्हणून मोडल्यास कोपणाराही कोणी नाही. येथे एक शिकणारा माणूस आहे आणि त्याने स्वेच्छेने घेतलेला धडा आहे. उदाहरण चुकलेल्या विद्यार्थ्याला आपण शाळेतून काढून टाकीत नाही. त्याला तेच उदाहरण पुन्हा सोडवायला लावतो. शील आपण दर वंदनेला पुन्हा का घेतो, याचे उत्तरही येथेच आहे. एकदा घेऊन ते कायमचे अंगी बाणले असते, तर पुन्हा घेण्याचे प्रयोजनच उरले नसते.

मद्याला याच शीलात 'पमादट्ठान' म्हटले आहे. प्रमाद म्हणजे बेसावधपणा. मद्य हे त्याचे स्थान. पहिल्या चार शीलांत हिंसा, चोरी, व्यभिचार आणि असत्य यांपासून विरत होण्याचा निश्चय आहे. पाचवे शील त्या चारांचा पहारेकरी आहे. सावधानता गेली की ती चारही उघडी पडतात. हा विचार व्यवहारातून आलेला आहे आणि कोणतीही दारुडी रात्र अनुभवलेल्या घराला तो समजावून सांगावा लागत नाही.

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात पंचशीलाचे जे प्रयोजन सांगितले आहे, ते या संदर्भात फार महत्त्वाचे आहे. पंचशील हा माणसाने स्वतःचे वर्तन मोजण्याचा मानदंड होय, असे ते मांडतात. पतित माणसे जगात सर्वत्र असतात. मात्र त्यांच्यात दोन प्रकार आहेत. ज्याच्यापाशी मानदंड नाही, त्याला आपण पडलो आहोत हेच कळत नाही, म्हणून तो पडलेलाच राहतो. ज्याच्यापाशी मानदंड आहे, त्याला आपले पडणे कळते, म्हणून तो उठण्याचा प्रयत्न करतो. याचा अर्थ स्पष्ट आहे. पंचशील पडलेल्या माणसासाठीही आहे. किंबहुना त्याच्यासाठी ते अधिक आहे. तोंडाला वास येत असलेला माणूस विहाराच्या दाराशी येतो, तेव्हा तो मानदंड शोधत आलेला असतो. आपण दार लावतो, तेव्हा त्याच्या हातचा मानदंड काढून घेतो.

आता विनयपिटकातील एक प्रसंग पाहू. सागत नावाचा एक भिक्खू होता. त्याने एका भयंकर नागाला नमवले, अशी कथा आहे. चमत्काराचा भाग बाजूला ठेवला तरी एवढे निश्चित की, तो लोकांच्या आदराला पात्र झालेला, नाव मिळवलेला भिक्खू होता. कोसंबीच्या उपासकांना त्याचा सत्कार करावासा वाटला. काही उच्छृंखल भिक्खूंच्या सल्ल्यावरून त्यांनी घरोघर मद्य तयार ठेवले. सागत प्रत्येक घरी प्याला आणि नगराबाहेर पडताना वेशीतच कोसळला. तथागत भिक्खूंसह तेथून जात असता त्यांनी त्याला पाहिले. तेव्हा त्यांनी प्रथम काय केले? त्याला उचलून घ्या, असे सोबतच्या भिक्खूंना सांगितले. त्याला विहारात आणून निजवण्यात आले. नशेत त्याने तथागतांकडेच पाय केले. त्यावर त्यांनी भिक्खूंना विचारले की, हा पूर्वी आदराने वागत असे ना? आता वागतो आहे काय? नागाला नमवणारा हा भिक्खू आज एखाद्या दिवडाशी तरी झुंजू शकेल काय? आणि मग मद्यपान निषिद्ध करणारा नियम त्यांनी घालून दिला.

या प्रसंगात क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. आधी उचलणे, मग विहारात आणणे, मग चूक सर्वांसमोर स्पष्ट करणे आणि शेवटी नियम. आपण नियमापासून सुरुवात करतो आणि उचलण्यापर्यंत पोहोचतच नाही. आणखी एक गोष्ट. संघातून कायमचे बाहेर पडावे लागते, अशा पाराजिक अपराधांत मद्यपानाचा समावेश नाही. ते पाचित्तिय गणले गेले; म्हणजे सहकारी भिक्खूसमोर कबूल करून शुद्ध होण्याजोगे. ही कबुलीही साधी असते. चूक दिसते का, असे सहकारी विचारतो; दिसते, असे तो सांगतो; पुढे जपून राहा, असे सहकारी म्हणतो. शिक्षा नाही, अपमान नाही, पण लपवाछपवीही नाही. पुढे अंगुत्तर निकायात अग्रगण्य भिक्खूंची जी नामावली आहे, तिच्यात सागताचे नाव सन्मानाने आलेले आहे. वेशीत पडलेल्या माणसाची ओळख तेवढ्यावर संपवली गेली नाही.

दुसरा प्रसंग गृहस्थाचा आहे. संयुत्त निकायात सरकानि नावाच्या शाक्याची हकीकत येते. तो मद्य पीत असे. त्याच्या मृत्यूनंतर तथागतांनी तो स्रोतापन्न झाल्याचे सांगितले, तेव्हा कपिलवस्तूतील शाक्य चिडले. मद्यपी जर स्रोतापन्न होत असेल तर येथे कोण होणार नाही, असे ते उपहासाने म्हणू लागले. महानाम शाक्याने ही कुजबुज तथागतांच्या कानी घातली. त्यांचे उत्तर असे होते की, सरकानि दीर्घकाळ बुद्ध, धम्म आणि संघ यांना शरण गेलेला होता आणि मरणसमयी त्याने शिक्षण अंगीकारले. पालीतील क्रियापद तेच आहे, जे आपण दर वंदनेला उच्चारतो. आपल्या वस्तीतील कुजबुज नवी नाही. ती कपिलवस्तूतही होती. आणि तथागत कोणाच्या बाजूने उभे राहिले, हेही नोंदलेले आहे.

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. अशी सवलत दिली तर उद्या प्रत्येक पिणारा "मी शिकतो आहे" म्हणून पीत राहील. शीलाला अर्थ काय उरेल? माझे उत्तर असे की, सागताच्या प्रसंगात नियम सैल झालेला नाही. उलट तेथेच तो जन्मला. नियम सर्वांसाठी कडक झाला आणि माणूस मात्र सोडला गेला नाही. या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात, हेच आपल्याला शिकायचे आहे. पुन्हा घेतलेल्या शीलाला किंमत येते ती कबुलीने. कबुली नसेल आणि केवळ ओठ हलत असतील, तर ते पिणाऱ्याचेही खोटे आहे आणि न पिणाऱ्याचेही. म्हणून त्या मुलाला आज मी असे सांगेन: तुझे वडील मनापासून शील घेत असतील आणि तरी पडत असतील, तर ते खोटे बोलत नव्हते. ते शिकत होते, आणि त्यांना शिकवायला आम्ही कोणी जवळ गेलो नाही.

इतिहासाचा शिक्षक म्हणून आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधतो. आपल्या वस्तीतील दारू ही केवळ एका माणसाच्या दुबळ्या मनाची गोष्ट नाही. मुंबई इलाख्यात 1878 च्या आबकारी कायद्याने मद्याचे उत्पादन आणि विक्री सरकारी महसुलाच्या चौकटीत आणली. पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना 1880 मध्ये महात्मा जोतीराव फुले यांनी वाढत्या दारूदुकानांविरुद्ध आवाज उठवला होता. 12 मार्च 1927 रोजी मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना बाबासाहेबांनी हिशेबच मांडला. सरकार शिक्षणावर दरडोई 14 आणे खर्च करते आणि आबकारीतून दरडोई दोन रुपयांहून अधिक गोळा करते. लोकांकडून दारूवाटे जेवढे घेता, तेवढे तरी त्यांच्या शिक्षणावर खर्च करा, अशी त्यांची मागणी होती. एका निवासी शाळेच्या स्मरणिकेत हा हिशेब आठवावा, हे उचितच आहे. अलीकडे चंद्रपूर जिल्ह्यात 2015 मध्ये दारूबंदी आली आणि 2021 मध्ये उठलीही. त्यासाठी लढलेल्या स्त्रियांविषयी मला नितांत आदर आहे. परंतु कायदे येतात आणि जातात. दुकान उघडे असो वा बंद, माणसाला त्या रस्त्याने घरी परतता आले पाहिजे, आणि त्यासाठी त्याला सोबत लागते.

आता प्रत्यक्ष आचरणाकडे वळतो. पहिली गोष्ट वैद्यकाची. दीर्घकाळ रोज पिणाऱ्या माणसाने एकाएकी दारू बंद केली, तर हातपाय थरथरणे, झटके येणे, भ्रम होणे असे प्रकार घडतात आणि ते जिवावर बेतू शकतात. अशा माणसाला शपथ घालून घरात कोंडून ठेवणे किंवा थेट दहा दिवसांच्या ध्यानशिबिरात पाठवणे धोक्याचे आहे. व्यसनाधीनता हा आजार आहे, ही वैद्यकशास्त्राची भूमिका आहे. प्रथम डॉक्टर, आवश्यक तर रुग्णालय किंवा व्यसनमुक्ती केंद्र. महाराष्ट्रात याबाबतीत मोठे काम झालेले आहे. पुण्याचे मुक्तांगण 1986 पासून हे कार्य करीत आहे. केंद्र शासनाची 14446 ही विनाशुल्क मदतवाहिनीही उपलब्ध आहे. धम्माचरण हे औषधाला पर्याय नाही. औषधाने शरीर सावरल्यानंतरच्या दीर्घ वाटचालीत ते उपयोगी पडते.

जेवणात गुपचूप मिसळायच्या पुड्यांच्या जाहिराती आपल्या भिंतींवरही दिसतात. त्यांपासून दूर राहावे. माहीत नसलेले औषध नकळत पोटात जाणे घातक ठरू शकते. शिवाय धम्मात कर्माचा आधार चेतना, म्हणजे माणसाचा स्वतःचा हेतू, हा आहे. ज्याला फसवून सोडवले, त्याने काहीच अंगीकारलेले नसते.

दुसरी गोष्ट काळाची. "आता जन्मभर पिणार नाही," ही शपथ व्यसनी माणसाला पर्वतासारखी वाटते आणि बहुधा आठवड्यात कोसळते. आपल्या परंपरेत उपोसथाची शीले एका दिवसासाठी आणि एका रात्रीसाठी घेतली जातात. आजचा दिवस आणि आजची रात्र, एवढाच तो निश्चय असतो. 1935 मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस या चळवळीनेही 'फक्त आजचा दिवस' हेच सूत्र धरले आहे. दारू सोडू पाहणाऱ्या उपासकाने रोज सकाळी एका कल्याणमित्रासमोर पाचवे शील चोवीस तासांसाठी घ्यावे. सायंकाळी त्याला भेटून किंवा फोन करून, पाळले की मोडले, ते सांगावे. मोडले असेल तर विनयातील त्या साध्या संवादाप्रमाणे: दिसते का, दिसते, पुढे जपून राहा. आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा शील.

तिसरी गोष्ट सतीची, म्हणजे जागरूकतेची. प्रतीत्यसमुत्पादात वेदनेतून तृष्णा आणि तृष्णेतून उपादान उत्पन्न होते, असे सांगितले आहे. कामावरून परतताना घशाला कोरड पडते, छातीत अस्वस्थ वाटते. ही झाली वेदना. "आता प्यायलाच हवी," ही तृष्णा. पाय गुत्त्याकडे वळणे हे उपादान. वेदना टाळणे आपल्या हाती नसते, परंतु वेदना आणि तृष्णा यांच्यामध्ये एक फट असते. तेथे थांबून श्वासाकडे लक्ष देता आले, तर तलफ लाटेसारखी वर येते, काही वेळ टिकते आणि ओसरते, हे माणसाला स्वतःच दिसते. एकदा हे दिसले की तिची दहशत कमी होते. आनापानसतीचा रोज दहा मिनिटांचा सराव याच फटीसाठी आहे. पाश्चात्त्य मानसशास्त्रज्ञांनीही या पद्धतीची चाचणी घेतली आहे. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या 286 जणांवरील अमेरिकन अभ्यासात, उपचारानंतर सतीचा सराव केलेल्यांमध्ये वर्षभराने व्यसनाचे दिवस इतरांपेक्षा कमी आढळले. त्रिरत्न बौद्ध महासंघाशी संबंधित व्हॅलरी मेसन-जॉन आणि डॉ. परमबंधू ग्रोव्ह्ज यांनी बुद्धाच्या शिकवणुकीवर आधारित आठ पायऱ्यांचा व्यसनमुक्तीचा मार्गही मांडला आहे. त्यात ईश्वराला शरण जाण्याची अट नाही.

चौथी गोष्ट सोबतीची आणि माझ्या मते हीच सर्वांत मोठी. सिगालोवाद सुत्तात मद्यपानाचे सहा दुष्परिणाम सांगितले आहेत: धनहानी, कलह, रोग, अपकीर्ती, निर्लज्जपणा आणि बुद्धिनाश. हा भाग आपण भाषणांतून नेहमी सांगतो. त्याच सुत्तात खऱ्या मित्राची लक्षणेही दिली आहेत. ती सांगायचे आपण विसरतो. मित्र प्रमादात असताना त्याला जपणारा आणि त्याच्या मालमत्तेलाही जपणारा, तो खरा मित्र, असे तेथे म्हटले आहे. प्रमाद हा शब्द पुन्हा येथे आला आहे, हे ध्यानात घ्यावे. याचा आजच्या भाषेतील अर्थ असा: पगाराच्या दिवशी त्याच्याबरोबर गुत्त्यावरून चालत घरापर्यंत जाणे, पगार त्याच्या संमतीने पत्नीच्या हाती पोहोचेल असे पाहणे, मुलांची फी भरली गेली का, याची चौकशी करणे, तो रस्त्यात पडला असेल तर मोबाईलवर चित्रण करण्याऐवजी त्याला उचलणे.

येथे एक कटू अनुभव सांगतो. आरंभी ज्यांचा उल्लेख केला, ते पालक पुढे व्यसनमुक्त झाले. काही वर्षांपूर्वी एका लग्नात ते मला भेटले आणि त्यांनीच आपणहून जयभीम केला. मी त्यांची क्षमा मागितली. दोनदा रुग्णालयात राहून आणि नंतर तालुक्याच्या ठिकाणी अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या बैठकांना जाऊन त्यांनी दारू सोडली होती. तेथील प्रार्थना आपल्या विचारांत बसत नाही, हे ते जाणून होते. मग विहारात का आला नाहीत, असे मी विचारले. ते म्हणाले, "सर, विहारात मला सगळे ओळखत होते. तिथं कुणीच ओळखत नव्हतं, पण सगळ्यांना माझं दुखणं ठाऊक होतं."

या वाक्याने मी अंतर्मुख झालो. आपल्यातील कोणी अशा बैठकांना जात असेल, तर 'देवाचे नाव घेतात' म्हणून त्याला अडवू नये. त्याने प्रथम जगले पाहिजे. गावोगावी माळ घालून दारू सोडलेली माणसे आहेत, त्यांचाही उपहास करू नये. माळेपेक्षा तेथे दिंडीतील सोबत काम करते, असे मला वाटते. कबुली, नियमित भेट आणि अनुभवी सोबती या तिन्ही गोष्टी आपल्या संघपरंपरेत उपोसथ, आपत्तिदेसना आणि कल्याणमित्र या नावांनी अडीच हजार वर्षांपासून आहेत. आपण त्या वापरीत नाही, एवढेच.

करुणेविषयी बोलताना घरातील स्त्रीला विसरता येणार नाही. पडलेल्याला उचला, असे मी म्हणतो, तेव्हा ते ओझे पुन्हा तिच्याच डोक्यावर ठेवावे, असे मला मुळीच अभिप्रेत नाही. मार खाऊन संसार टिकवणे म्हणजे मैत्री नव्हे. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याचे संरक्षण घेणाऱ्या भगिनीच्या पाठीशी विहाराने उभे राहिले पाहिजे. उचलण्याचे काम पुरुषांचे, मित्रांचे आणि समाजाचे आहे. आणि मुलांना तर स्पष्ट शब्दांत सांगितले पाहिजे की, वडिलांचे पिणे हा तुमचा दोष नाही आणि ते थांबवणे ही तुमची जबाबदारीही नाही.

म्हणून माझ्या दोन विनंत्या आहेत. पहिली विनंती माजी विद्यार्थ्यांना. आपल्यात आज डॉक्टर, परिचारिका, समाजकार्यकर्ते, वकील आहेत आणि व्यसनातून बाहेर आलेलेही काहीजण आहेत. त्यांनी मिळून कल्याणमित्रांचा एक लहान गट करावा. प्रत्येक पौर्णिमेच्या सायंकाळी शाळेच्या सभागृहात एक बैठक व्हावी. तेथे वंदना, दहा मिनिटे आनापान आणि मग ज्याला बोलायचे त्याने बोलावे. भाषण नको, सत्कार नको, छायाचित्रे तर नकोतच. तेथे बोललेले तेथेच राहील, हा एकच कडक नियम असावा. व्यसनातून बाहेर आलेल्यांना मी विशेष विनंती करतो की, आपण बैठकीत पहिले बोलावे. न पिणाऱ्या शंभर जणांच्या उपदेशापेक्षा आपला एक अनुभव अधिक उपयोगी आहे.

दुसरी विनंती संस्थेला, आणि त्या विनंतीत मी स्वतःही येतो. पालकभेटीच्या एखाद्या रविवारी तोंडाला वास येत असलेला बाप पुन्हा फाटकाशी येईल. त्याला नशेत मुलांमध्ये नेता येणार नाही. मुलांची सुरक्षितता प्रथम, याबद्दल दुमत नाही. परंतु त्याला झाडाखाली खुर्ची आणि पाणी देता येते. एक शिक्षक त्याच्याजवळ बसू शकतो. नशा उतरेपर्यंत थांबवून, मुलाची इच्छा असल्यास, पाच मिनिटे भेट घडवता येते. त्याने आणलेली शेंगांची पिशवी आपल्या हाताने मुलाला नेऊन देता येते. आणि निघताना, पौर्णिमेला सायंकाळी या, मी असेन, एवढे सांगता येते. त्या दिवशी मला हे सुचले नाही.

जयभीम! नमो बुद्धाय!